नजरेआडच्या कामाचा दाम

आजचा विषय पगाराचा आहे. पाहुण्याला जेवणाचा आग्रह करावा, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करावी, परंतु त्याचे वेतन विचारू नये, असा आपल्या सुशिक्षित घरांतील संकेत आहे. हा संकेत सभ्यतेचा आहे, यात शंका नाही. तथापि या सभ्यतेची किंमत आजवर कोणी भरली, हे इतिहासाला विचारून पाहण्यासारखे आहे. आणि तसे विचारण्यास आज एक ताजे कारणही घडले आहे.

गेल्या काही वर्षांत पुष्कळ घरांचा दिनक्रम पालटला. घरातील मुलगा किंवा सून सकाळी डबा घेऊन बाहेर पडत नाही. घरातल्याच एका खोलीचे दार लोटून संगणकापुढे बसते आणि शेकडो, प्रसंगी हजारो कोस दूर असलेल्या धन्याचे काम करते. धनी तिला प्रत्यक्ष पाहत नाही आणि तीही धन्याला पाहत नाही. या प्रकारास दूरस्थ नोकरी असे नाव पडले आहे. नाव नवे, यंत्रे नवी. परंतु तिच्यातून उभा राहणारा प्रश्न फार जुना आहे. जे काम धन्याच्या नजरेसमोर होत नाही, त्याचा दाम कशावरून ठरवावयाचा? खर्च केलेल्या वेळावरून, तयार झालेल्या मालावरून, की काम करणारा ज्या गावी राहतो तेथील स्वस्ताई-महागाईवरून? आणि हा दाम ठरत असता काम करणाराने काय बोलावे? इतिहास शिकविणे हा माझा पेशा होता. तेव्हा या प्रश्नाचा माग काढीत आपण थोडे मागे जाऊ.

कौटिल्याचे अर्थशास्त्र हा ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. तो अनेक शतके नावापुरताच उरला होता. १९०५ साली म्हैसूर येथे पंडित शामशास्त्री यांच्या हाती त्याची पोथी आली आणि १९०९ साली तो छापून प्रसिद्ध झाला. त्यात सूत्राध्यक्ष, म्हणजे सूतकताईवरील सरकारी अधिकारी, याची कर्तव्ये सांगितली आहेत. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहीत, ज्यांचे पती परगावी गेले आहेत, ज्या विधवा किंवा अपंग आहेत, अशांना पोटासाठी काम हवे असेल, तर अध्यक्षाने आपल्या दासींकरवी त्यांच्या घरी काम पोहोचवावे, आणि तेही आदराने, असे तेथे म्हटले आहे. वेतन कसे ठरवावे? सूत तलम आहे, मध्यम आहे की जाडेभरडे, आणि ते किती भरले, हे पाहून. जी स्त्री स्वतः सूत घेऊन येईल, तिच्याशी पहाटे देवघेव करावी. दिवा असावा तो केवळ सूत पारखण्यापुरता. अधिकाऱ्याने तिच्या मुखाकडे पाहिले किंवा कामाखेरीज दुसरे बोलणे काढले, तर त्याला दंड. वेतन देण्याची वेळ चुकविली, तर त्याहून मोठा दंड.

श्रोतेहो, त्या दिव्याकडे थोडे लक्ष द्यावे. उजेड मालावर पडावा, माणसावर पडू नये, अशी ती योजना आहे. घरी बसून काम करणाराचे मोल त्याच्या कामावरून व्हावे, हे तत्त्व यापेक्षा नेमके सांगता येणे कठीण आहे. हे राज्य रामराज्य होते असे मात्र समजू नये. वेतन घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीस अंगच्छेदाची क्रूर शिक्षाही त्याच प्रकरणात आहे. परंतु कामाची पारख आणि वेतनाची वेळ हे दोन मुद्दे ग्रंथकाराने अचूक हेरले आहेत.

त्याच ग्रंथात पुढे आणखी एक भेद केला आहे. वेतन दोन प्रकारचे: एक बोललेले, दुसरे न बोललेले. जे आधी बोलून ठरले, ते ठरल्याप्रमाणे द्यावे. जे बोलून ठरले नाही, त्याला रूढीचा हिस्सा. शेतावर राबणाऱ्यास पिकाचा दहावा भाग, गुराख्यास तुपाचा दहावा भाग, व्यापाऱ्याच्या माणसास त्याने विकलेल्या मालाचा दहावा भाग. म्हणजे ज्याने तोंड उघडले, त्याला त्याच्या बोलीप्रमाणे. जो गप्प राहिला, त्याला चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे. आजही याहून फारसे निराळे घडत नाही.

आता आपण अठराव्या शतकातील बंगालकडे वळू. तेथील विणकर आपल्याच घरी, आपल्याच मागावर कापड विणीत असे. ईस्ट इंडिया कंपनी दूर होती. तिचा पैसा मात्र विणकराच्या दारी येई. या आगाऊ रकमेस दादनी म्हणत. १७५३ पर्यंत ही रक्कम देशी व्यापाऱ्यांमार्फत दिली जाई. त्यानंतर कंपनीने आपले पगारी गुमास्ते नेमले. विल्यम बोल्ट्स नावाच्या व्यापाऱ्याने १७७२ साली लिहून ठेवले आहे की, गुमास्ते जो भाव ठरवीत तो बाजारभावापेक्षा शेकडा १५ तरी कमी असे, आणि काही वेळा शेकडा ४० पर्यंत कमी असे. बोल्ट्सचे कंपनीशी वैर होते, हे ध्यानात घेऊन त्याच्या म्हणण्यातून काही वजा करावे. तरीही गोष्टीचा गाभा राहतो. दादनी घेतलेल्या विणकरास दुसऱ्या गिऱ्हाईकासाठी विणण्याची मोकळीक नव्हती. आपल्याकडील ऊसतोड मजूर हंगामापूर्वी मुकादमाकडून जी उचल घेतो, तिचे स्वरूप ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. बाजारात तोच धोतरजोडा किती रुपयांना विकला जातो, हे विणकराला ठाऊक असले तरी उपयोग नव्हता. दुसरीकडे जाण्याची वाट बंद होती. दर ठाऊक असणे आणि नाही म्हणता येणे, या दोन गोष्टी जोडीनेच उपयोगी पडतात.

एकोणिसाव्या शतकात शिवणयंत्र आले आणि इंग्लंडातील मोठ्या शहरांत घरोघर शिवणकाम वाटून देण्याची पद्धत बळावली. कारखान्याला निरीक्षक होता, घराला नव्हता. भाडे, दिवाबत्ती, दोरा आणि यंत्राचा हप्ता शिवणारणीच्या माथी, मजुरी नगावर. आगपेटीच्या डब्या चिकटविणाऱ्या बायकांना १४४ डब्यांस सुमारे सव्वादोन पेन्स मिळत आणि चिकटविण्याची खळ त्यांची त्यांनाच आणावी लागे. हे सारे लंडनमध्येच चाललेले होते, पण सभ्य लंडनला ते दिसत नव्हते. १९०६ च्या मे महिन्यात 'डेली न्यूज' या वृत्तपत्राने एक अपूर्व प्रदर्शन भरविले. त्यात या कामकरी स्त्रिया स्वतः बसून आपले काम करून दाखवीत आणि प्रत्येक वस्तूला मजुरी किती व वेळ किती, याची माहिती छापून दिलेली असे. ज्या कपड्यांनी आपण अंग झाकतो त्यांच्या शिलाईचा दर प्रेक्षकांनी प्रथमच वाचला. लोकमत हलले. १९०९ साली पार्लमेंटने व्यवसाय-मंडळांचा कायदा केला आणि तयार कपडे, कागदी पेट्या, लेस आणि लोखंडी साखळ्या या चार धंद्यांत किमान दर ठरविण्यासाठी मंडळे नेमली.

या कायद्याची कसोटी बर्मिंगहॅमजवळच्या क्रॅडली हीथ या गावी लागली. तेथील शेकडो स्त्रिया घरामागच्या लहानशा भट्टीत साखळीच्या कड्या घडवीत. आठवडाभर हातोडा मारून अनेकींच्या पदरी पाच शिलिंगांच्या आसपास पडे. मंडळाने तासाला अडीच पेन्स हा दर ठरविला. ५४ तासांच्या आठवड्यास हे ११ शिलिंग ३ पेन्स होतात. म्हणजे मजुरी दुपटीहून अधिक. परंतु कायद्यात एक पळवाट होती. कामगाराने लेखी संमती दिली, तर पहिले सहा महिने जुनाच दर देता येत असे. मालकांनी लगोलग कागद पुढे केले. पुष्कळ स्त्रियांना वाचता येत नव्हते. त्यांनी सह्या-अंगठे दिले. मेरी मॅकआर्थर या बाईने त्यांना त्या कागदाचा अर्थ सांगितला आणि ऑगस्ट १९१० मध्ये शेकडो स्त्रियांनी सही करण्याचे नाकारले. त्यांचे काम बंद झाले. सुमारे दहा आठवडे हा झगडा चालला. देशभरातून जवळजवळ चार हजार पौंडांचा निधी जमला. आणि २२ ऑक्टोबर १९१० रोजी शेवटच्या मालकानेही नव्या दरावर सही केली. शिल्लक राहिलेल्या निधीतून गावात कामगारांसाठी एक सभागृह बांधले गेले. ते १९१२ साली उघडले.

या घटनेत कौशल्य वाढले नव्हते. हातोडा तोच, भट्टी तीच, साखळीही तीच. बदलले ते एवढेच की, प्रत्येकीला दर ठाऊक झाला आणि शेजारणीलाही तो ठाऊक आहे, हेही ठाऊक झाले. त्यापूर्वी प्रत्येक बाई आपापल्या भट्टीपाशी एकटी होती आणि दलाल प्रत्येकीला निराळे सांगू शकत होता. माझ्या आजच्या सांगण्याचे सार येथे आहे: दूर बसून काम करणाराचा दाम उतरतो तो त्याचे काम हलके असते म्हणून नव्हे, तर तो एकटा पडतो म्हणून.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण बिड्यांचे. सिन्नर, सोलापूर या भागांत हजारो स्त्रियांनी घरी बसून बिड्या वळल्या. ठेकेदाराने टेंभुर्णीची पाने व तंबाखू मोजून द्यावी, बाईने ठरलेल्या संख्येच्या बिड्या परत आणाव्या; मजुरी हजारावर. पाने किडकी निघाली तर पदरच्या पैशाने नवी घ्यावी लागत. आणि परत आणलेल्या बिड्यांतून ठेकेदार काही बाजूस काढी. त्यास छाट म्हणत. छाटीची मजुरी नाही, आणि छाट किती काढावी हे ठेकेदाराच्या मर्जीवर. कौटिल्याचा दिवा सूत पारखण्यासाठी होता. येथे पारख हेच मजुरी कापण्याचे हत्यार झाले.

या बायका नोकर की स्वतंत्र कंत्राटदार, हा वाद न्यायालयांपर्यंत गेला. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात बिड्या पुरविणाऱ्या सट्टेदारांना स्वतंत्र कंत्राटदार मानले. १९६१ साली नागपूरच्या एका बिडी कारखान्याच्या खटल्यात मात्र त्याच न्यायालयाने निराळी दृष्टी घेतली. तेथील कामगार मर्जीप्रमाणे येत-जात आणि त्यांना नगावर मजुरी मिळे. तरीही वाईट माल नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, त्या अधिकारातच देखरेख आली, म्हणून ते कामगारच होत, असा निर्णय झाला. पुढे १९६६ साली बिडी व सिगार कामगारांचा कायदा झाला. त्यात घरी बसून बिड्या वळणाऱ्या व्यक्तीस स्पष्टपणे कामगार म्हटले होते, आणि छाटीच्या मजुरीविषयीचे तंटे सोडविण्याची तरतूदही होती. मालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. पुढे १९९६ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने घरकामगारांना, म्हणजे घरी बसून दुसऱ्याचा माल तयार करणारांना, वेतनासह सर्व बाबतींत समान वागणूक मिळावी असा करार संमत केला. तो व्हावा म्हणून झटणाऱ्यांत अहमदाबादेस १९७२ साली इला भट्ट यांनी स्थापिलेली 'सेवा' ही संस्था आघाडीवर होती.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, बिडी वळणारी बाई कोठे आणि संगणकावर काम करणारा पदवीधर कोठे! अंतर आहे, हे मान्य. पण दोघांमधील धागा तुटलेला नाही. १९६२ साली इंग्लंडात स्टेफनी शर्ली या बाईंनी सहा पौंडांच्या भांडवलावर एक कंपनी काढली. लग्न किंवा मूल झाले म्हणून नोकरी सोडावी लागलेल्या हुशार स्त्रियांना घरच्या घरी संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे काम देणे, हा तिचा उद्योग. स्त्रीच्या नावाच्या पत्रांना उत्तरे येत नाहीत, असे पाहून त्या 'स्टीव्ह' या पुरुषी नावाने सही करू लागल्या. गिऱ्हाईकाला त्या तासांचा हिशेब देत नसत. साऱ्या कामाची उक्ती रक्कम सांगत. त्यामुळे काम करणारी बाई कोठे बसली आहे, दिवसा लिहिते की बाळ झोपल्यावर रात्री, हा प्रश्नच उरत नसे. शहाण्या माणसाने दूरच्या कामाचा दाम कसा मागावा, याचा हा धडाच आहे.

१९७३ साली अमेरिकेत जॅक निलेस यांनी दूरसंचाराच्या साहाय्याने घरून काम करण्याच्या कल्पनेस नाव दिले. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगळूर येथे आपले केंद्र काढले आणि उपग्रहाद्वारे ते मुख्य कचेरीशी जोडले. माणूस येथे, काम तेथे. हे काम आपल्या देशात येण्याचे एक मोठे कारण येथील कमी पगार हे होते, हे सत्य लपविण्यात अर्थ नाही. कमी दर हेच ज्याचे भांडवल, त्याने दर मागताना काय बोलावे, हा पेच तेव्हापासून आपल्या तरुणांपुढे आहे.

मग आले १९२० नव्हे, २०२० साल. महामारीमुळे २५ मार्च २०२० पासून आपल्या देशात टाळेबंदी झाली आणि जे घरून होणार नाही असे सांगितले जाई, ते काम आठवड्याभरात घरून होऊ लागले. लोक शहरे सोडून गावी गेले, आणि जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहिला: गावी गेलेल्याचा पगार कापावा काय? त्याच वर्षीच्या मे महिन्यात फेसबुक कंपनीने जाहीर केले की, स्वस्त ठिकाणी राहावयास जाणाऱ्या नोकरांचे पगार त्या ठिकाणाप्रमाणे बदलले जातील. ऑक्टोबरमध्ये रेडिट या कंपनीने उलट जाहीर केले की, अमेरिकेत कोठेही राहिले तरी पगार तोच राहील. गिटलॅब या कंपनीने ठिकाणाप्रमाणे गुणक लावला, परंतु त्याची रीत उघड ठेवली. बफर नावाच्या एका लहान कंपनीने तर २०१३ सालीच आपल्या सर्व नोकरांचे पगार जाहीर केले होते.

यांत न्याय्य कोणते? मालक म्हणतो, मी त्या त्या ठिकाणच्या बाजारभावाने माणूस घेतो. यात गैर काय? त्याचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. परंतु पगार राहणीच्या खर्चावरून ठरावयाचा असेल, तर दहा मुलांच्या बापास अधिक आणि ब्रह्मचाऱ्यास कमी द्यावा लागेल. तसे कोणी देत नाही. मी अनेक वर्षे परीक्षेच्या उत्तरपत्रिका घरी आणून तपाशीत असे. दर पत्रिकेमागे ठराविक रक्कम मिळे. मी ती वाड्यातल्या खोलीत तपासली की नव्या इमारतीत, हे कोणी विचारीत नसे. मात्र कोरी पत्रिका आणि चार पुरवण्या जोडलेली पत्रिका, दोहोंचा दर एकच असे. दर ठरविण्याची प्रत्येक पद्धत कोठे तरी न्याय करते आणि कोठे तरी डोळेझाक करते. म्हणून ती पद्धत कोणती, हे आधी समजून घेणे अगत्याचे असते.

नजरेआड राहण्याची आणखीही एक किंमत आहे. शांघाय येथील एका मोठ्या चिनी प्रवासी कंपनीत २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने एक प्रयोग झाला. घरून काम करण्यास राजी असलेल्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम होती त्यांना घरी बसविले, विषम होती त्यांना कचेरीत ठेवले. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. घरी बसलेल्यांचे काम शेकडा १३ नी वाढले, नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. परंतु सारखेच काम करणारांत बढती मात्र घरी बसलेल्यांना कमी मिळाली. दुसरीकडे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले की, घरून काम करावयास मिळावे म्हणून नोकरी शोधणारे सरासरीने शेकडा ८ इतका पगार सोडावयास तयार होते. काम अधिक, बढती कमी, आणि वर पगारही कमी घेण्याची तयारी! मालकाला ही तयारी ठाऊक असते. नोकराला ती स्वतःच्या मनात असते म्हणून दिसत नाही.

यावर उपाय निघत आहेत, ते जुन्या धड्याला धरूनच. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०२१ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची मर्यादा, कमीत कमी किती व जास्तीत जास्त किती, छापणे बंधनकारक झाले. तेव्हा काही कंपन्यांनी दूरस्थ नोकरीच्या जाहिरातींत चक्क असे छापले की, कोलोरॅडोच्या रहिवाशांनी अर्ज करू नये. दर उघड करण्यापेक्षा एक सबंध राज्य गमावलेले बरे, असे त्यांना वाटले. यावरूनच उघड दराचे मोल कळते. पुढे न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या राज्यांनी जानेवारी २०२३ मध्ये तसेच नियम अमलात आणले. युरोपीय संघाने २०२३ साली या विषयावर आदेश काढला. सदस्य राष्ट्रांनी त्यानुसार कायदे करण्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत ठरविली. मागील नोकरीत किती पगार होता हे उमेदवारास विचारू नये, असेही त्या आदेशात आहे.

आता ज्यांच्या घरी असा उमेदवार आहे, त्यांच्यासाठी या इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, दर कशावर ठरला आहे ते विचारावे. कामावर की गावावर? उद्या मी पुणे सोडून रत्नागिरीस राहावयास गेलो, तर पगार बदलेल काय? उत्तर कागदावर घ्यावे. आपला जुना पगार आपण होऊन सांगू नये. जुना पगार म्हणजे जुन्या अज्ञानाचा भाव असतो. "या कामासाठी आपण कोणती रक्कम योजिली आहे?" असे नम्रपणे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत स्वस्थ राहावे. आपल्या लोकांना ही स्तब्धता सहन होत नाही. ते स्वतःच कमी आकडा सांगून मोकळे होतात.

दुसरी गोष्ट, आपण नोकर की कंत्राटदार, ते पाहावे. परदेशी कंपनी पुष्कळदा कंत्राट देते आणि त्याचा आकडा मोठा दिसतो. हिशेब करून पाहा. आठवड्यास पाच दिवस धरले तर वर्षात कामाचे दिवस सुमारे २६१. नोकरास सण, रजा, आजार मिळून ३६ दिवसांचा भरपगारी विसावा मिळतो असे समजू. म्हणजे जवळजवळ सातवा हिस्सा. कंत्राटदारास यातला एकही दिवस फुकट मिळत नाही. शिवाय भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. तेव्हा बाराशे रुपये रोजाच्या नोकरीची बरोबरी करण्यास कंत्राटाचा रोज केवळ विसाव्यापोटीच चौदाशेच्या घरात जातो; निधीचा वाटा आणखी वेगळा.

तिसरी गोष्ट, खळ कोणाची? वीज, संगणक, दूरध्वनीची जोडणी, खुर्ची यांचा खर्च कोणाच्या माथी, हे आधीच बोलावे. तसेच चलन कोणते? २०११ च्या मध्यास एका डॉलरला सुमारे ४५ रुपये मिळत, २०२२ च्या अखेरीस ८२ च्या वर मिळत होते. ज्याचा ठराव डॉलरांत होता त्याला, आणि ज्याचा रुपयांत होता त्याला, त्याच कामाचे किती निराळे दाम पडले, ते आपणच ताडून पाहावे. आणि पैसे कोणत्या तारखेस मिळणार, हेही लिहून घ्यावे. कौटिल्याने विलंबाला दंड सांगितला, तो उगाच नव्हे.

चौथी गोष्ट, छाट कोण काढणार? कामाची पारख कशावरून होईल, सुधारणा किती वेळा फुकट करून द्यावयाच्या, रात्री-बेरात्रीच्या बैठकी कामात धरावयाच्या की नाहीत, बढतीचा विचार केव्हा व कोण करील, हे पगाराइतकेच महत्त्वाचे आहे. हजार बिड्यांचा दर कितीही चांगला असला, तरी दोनशे छाटीत गेल्या तर तो दर कागदावरच राहतो.

या चारही गोष्टींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपल्यासारखेच काम करणाऱ्या दुसऱ्याला किती मिळते, हे ठाऊक असले पाहिजे. आणि ते कळावयाचे तर कोणीतरी आधी सांगितले पाहिजे. कचेरीत माणसे एकत्र बसत, चहाच्या वेळी कुजबुज होई, त्यातून काही तरी कळे. खोलीचे दार लोटून एकट्या बसलेल्या मुलीला ती कुजबुजही ऐकू येत नाही. क्रॅडली हीथच्या बायकांना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी कागदावर अंगठे उठविले. आपली मुले उत्तम वाचतात, परंतु शेजारच्या खोलीतला दर त्यांना वाचावयास मिळत नाही, कारण तो सांगणे असभ्य आहे असे आपणच त्यांना शिकविले.

परक्याला त्याचा पगार विचारावा असे मी म्हणत नाही. परंतु आपल्याच क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या भाचीला, शेजारच्या मुलाला, जुन्या विद्यार्थ्याला आपण होऊन आपला दर सांगावा, त्यात कमीपणा मानू नये. दूर राहून काम करणाऱ्या माणसाला आपण देऊ शकू अशी ही मदत आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.